एकशे दहा ग्रॅम

शुक्रवारी सकाळी साडेदहाला व्यायामाच्या सरांनी एक कागद आणून ग्रॅमताईच्या टेबलावर ठेवला आणि पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर स्वतःची शिट्टी ठेवली. कागदावर नऊ नावं होती.

"सही करा," सर म्हणाले. "मंगळवारी पालकसभा आहे. उद्या या नऊ जणांच्या घरी चिठ्ठ्या द्यायच्या, सभेत घरच्यांशी बोलायचं आणि बुधवारपासून यांच्या जागी प्रतीक्षायादीतली पोरं घ्यायची. मोठ्या बाईंना आपल्या दोघांच्याही सह्या हव्यात."

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांच्या हट्टामुळेच शाळेनं यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत हे आहार आणि व्यायामाचं शिबिर काढलं होतं. हायस्कूलची चौसष्ट मुलं-मुली, सहा आठवडे, सकाळी सात ते दुपारी एक. आधी मैदान, मग आहाराचा तास, मग साडेबाराला शाळेच्याच स्वयंपाकघरात शिजलेलं जेवण. चौथा आठवडा संपत आला होता.

ग्रॅमताई शिबिराची आहारतज्ज्ञ. वय सव्वीस, पहिलीच नोकरी आणि तीही सहा आठवड्यांची. शिबिर नीट पार पडलं तर शाळेची समिती तिला वर्षभरासाठी घेणार होती. पहिल्याच तासाला एका पोरानं विचारलं होतं, "ताई, पोट भरेपर्यंत म्हणजे किती हो?" आणि ताईनं ग्रॅममध्ये उत्तर दिलं होतं. त्या दुपारपासून तिला दुसऱ्या नावानं कोणी हाक मारली नाही.

तिनं यादी वाचली. सहाव्या नावावर तिचं बोट थांबलं.

"ही? सर, ही तर आपली टोळ!"

"तीच."

टोळ पंधरा वर्षांची होती. पाय इतके लांब की बाकावर बसली तरी गुडघे वर यायचे, म्हणून टोळ. शिबिराच्या पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर जाताना ती दोनदा कठडा धरून उभी राहिली होती. दर दोन आठवड्यांनी सर सगळ्यांची धाव-चाचणी घेत. वीस मीटरवर दोन रेषा, यंत्रातून टुंग आवाज आला की या रेषेवरून त्या रेषेवर पळायचं, आणि दोन आवाजांमधलं अंतर हळूहळू कमी होत जायचं. आवाजाच्या आत पोचलं नाही की बाद.

"पहिल्या चाचणीत बावीस फेऱ्या," सर म्हणाले. "दुसरीत शेहेचाळीस. मी म्हटलं, ही पोरगी पुढच्या वर्षी संघात. आणि आज? एकतीस. एकतिसाव्या फेरीला रेषेवर बसली ती बसलीच. हे नऊच्या नऊ असेच घसरलेत. बाकीचे जागेवर आहेत, काही तर पुढे गेलेत. मैदान तेच, ऊन तेच, मीही तोच. मग यांनाच काय धाड भरली?"

"तिच्या घरी काय म्हणतील?"

"तिच्या वडिलांना आधीपासूनच हे पसंत नव्हतं. लिफ्टदुरुस्तीचं काम करतात ते. सुट्टीत गणिताची शिकवणी लावणार होते. पोरगी रडली तेव्हा म्हणाले, महिनाभर बघतो, रमली तर राहू दे. आता त्यांच्या हातात आयतंच कोलीत. एकदा नेली की ती पुन्हा मैदानावर दिसायची नाही." सरांनी मानेवरचा घाम पुसला. "मलाही बरं वाटत नाही हो. म्हणून तुम्हाला विचारतो. खाण्यात काही खोट असेल तर आत्ता सांगा, मी हा कागद इथेच फाडतो."

"खाण्यात खोट नाही," ग्रॅमताई म्हणाली.

ती हे छातीठोकपणे म्हणाली, कारण तिच्यापाशी आकडे होते. स्वयंपाकघराच्या दाराशी उष्ट्याची बादली असायची. रोज जेवणं झाली की ग्रॅमताई त्या बादलीचं वजन करून फळ्यावर लिहायची. पहिल्या आठवड्यात रोज आठ-नऊ किलो अन्न बादलीत जात होतं. तिसऱ्या आठवड्यात ते दोन किलोंवर आलं, मग नऊशे ग्रॅम, आणि गेले पाच दिवस बादलीत केळ्यांच्या सालींशिवाय काही नव्हतं. पोरं ताटं अशी स्वच्छ करत की भांडी घासणाऱ्या बाई म्हणायच्या, नुसती विसळली तरी चालतील. मोठ्या बाईंनी त्या फळ्याचा फोटो काढून समितीला पाठवला होता.

तिनं शिट्टी बाजूला सरकवली आणि सही केली.

हा चमत्कार घडला कसा, तेही सांगायला हवं. पहिले दोन आठवडे वाढायचं काम मावशींच्या हाताच्या अंदाजानं चालत होतं. मावशी म्हणजे शाळेच्या मुख्य स्वयंपाकीण; या चुलीपुढे त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. कोणाला किती भात वाढायचा हे त्या पोराच्या तोंडाकडे बघून ठरवत. साहजिकच कुरबुर सुरू झाली. "मावशी लाडक्यांना जास्त वाढतात." "त्याला डोंगर, मला टेकडी." एकदा दोन मुलांची रांगेतच जुंपली. शिवाय ग्रॅमताईला अहवालात रोजचा नेमका आकडा लिहायचा होता, आणि "पळीभर" हा आकडा कोणत्याच अहवालात बसत नाही. तेव्हा तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी तिनं वाढण्याच्या कट्ट्यावर वजनकाटा आणून ठेवला आणि मागच्या भिंतीवर तक्ता लावला: भात एकशे दहा ग्रॅम, घेवड्याचे दाणे पंचेचाळीस ग्रॅम, भाजी, अंडं, फळ. सगळ्यांना सारखं, आणि दुसऱ्यांदा वाढणं नाही.

त्या पहिल्या दिवशी अर्ध्याहून जास्त पातेलं उरलं. मावशी पळी हातात धरून तक्त्याकडे बघत राहिल्या होत्या.

"ताई, एवढंच?"

"बघा ना, मावशी, आपण रोज किती जास्त शिजवत होतो! उद्यापासून त्या हिशेबानं तांदूळ टाका."

"बरं," मावशी म्हणाल्या. शिकलेल्या माणसानं सही करून लावलेला कागद होता. त्यात लाडक्या-दोडक्याचा ठपका नुकताच बसलेला. त्यांनी पळी ठेवली आणि काटा हाती घेतला, आणि त्या दिवसापासून एकशे नऊला कोणाचं ताट पुढे सरकवलं नाही की एकशे अकराला. चार दिवसांनी भांडी आवरताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "पोरं जाताना पातेल्यात बघून जातात हो, ताई." ग्रॅमताईला वाटलं, त्या स्वयंपाकाचं कौतुक सांगताहेत. तिनं हसून मान डोलावली होती.

शनिवारी दुपारी मुलं गेली. ग्रॅमताई रोज घरून डबा आणायची आणि सगळी नोंद झाल्यावर, दीड वाजता, टेबलाशी बसून खायची. आज तिनं डबा उघडायच्या आत मावशींनी आतून हाक मारली.

"ताई, आज इथलं जेवा."

"अहो, डबा आणलाय मी."

"डबा संध्याकाळी खा. या इकडे."

मावशींच्या आवाजात विनंती नव्हती. ग्रॅमताई कट्ट्यापाशी गेली. मावशींनी रिकामं ताट काट्यावर ठेवलं, आकडा शून्यावर आणला आणि भात वाढला. एकशे चार. चार-पाच शितं, एकशे सात. पळीच्या टोकानं आणखी थोडा. एकशे दहा. मग दाणे, पंचेचाळीस. भाजी, अंडं, फळ.

ताटाकडे बघून ग्रॅमताई चमचा हातात तसाच धरून राहिली. चौसष्ट ताटं ती रोज रांगेत पुढे सरकताना बघत होती, पण आकड्याकडे बघत होती. समोर ठेवलेलं एक ताट तिनं आज पहिल्यांदा पाहिलं.

"मावशी, एवढंच?"

"तुमच्याच कागदावर आहे."

चार मिनिटांत ताट रिकामं झालं. ती सकाळपासून खुर्चीवर बसून होती. धावली नव्हती, दोरीवरच्या उड्या मारल्या नव्हत्या. तरी पोटात खड्डा तसाच. तिनं भिंतीवरच्या तक्त्यातली भाताची ओळ पुन्हा वाचली.

"मावशी, कोठीतले तांदूळ आणा. कच्चे."

मावशींनी तांदूळ आणले. ग्रॅमताईनं ते काट्यावर मोजले, बरोबर एकशे दहा ग्रॅम, आणि लहान पातेल्यात शिजायला टाकले. दोघीजणी पातेल्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. वीस मिनिटांनी भात काट्यावर आला. काटा थांबला तीनशे दहावर.

ग्रॅमताई घरी गेली असती तर पुस्तक उघडून खात्री करता आली असती, पण त्याची गरज नव्हती. ते पान तिच्या डोळ्यांसमोर होतं. वर मथळ्याखाली बारीक अक्षरात एक ओळ: सर्व वजनं कच्च्या धान्याची. पहिल्या वर्षाला शिकवतात. तिनं आकडे उतरवून घेतले होते आणि ती ओळ तेवढी पुस्तकातच राहिली होती. काटा कोठीत ठेवला असता तर तक्ता अगदी बरोबर होता. तिनं तो वाढण्याच्या कट्ट्यावर ठेवला. बारा दिवस वाढत्या वयाची चौसष्ट मुलं सकाळभर धावून येऊन तिसऱ्या हिश्श्याइतका भात आणि निम्म्याहून कमी दाणे खाऊन घरी जात होती, आणि ती बादली रिकामी म्हणून फळ्यावर लिहीत होती.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"माहीत नव्हतं. वाटत होतं." मावशींनी गॅस बंद केला. "वाटण्याला तुमच्याकडे कुठे रकाना होता? पण काल त्या नऊ पोरांच्या चिठ्ठ्या लिहिताना क्लार्क मोठ्यानं वाचत होता. 'प्रयत्नात कमी.' त्या लांब पायांच्या पोरीचं नाव आलं. ती पोर रोज ताट ठेवताना 'छान होतं, मावशी' म्हणते आणि नळावर जाऊन दोन पेले पाणी पिते. पोट भरलेलं पोर असं पाणी पीत नाही. मग म्हटलं, तोंडानं सांगून तुम्हाला पटायचं नाही, ताटानं पटेल."

"चिठ्ठ्या गेल्या?"

"आज पोरांच्या हातीच गेल्या."

ग्रॅमताईनं सरांना फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं. मग सर म्हणाले, "म्हणजे मी उपाशी पोरांना आळशी म्हटलं?"

"मी सही केली म्हणून म्हटलंत."

"ते तुमचं तुम्ही बघा. म्हटलं तर मीच ना!" आणि त्यांनी फोन ठेवला. पाच मिनिटांनी त्यांचाच पुन्हा फोन आला. "एक कळत नाही. कमी तर सगळ्यांनाच मिळत होतं. मग घसरले नऊच का?"

याचं उत्तर सोमवारी मिळालं.

सोमवारी तिनं आहाराच्या तासाला चौसष्ट जणांसमोर उभं राहून सगळं सांगितलं. फळ्यावर दोन आकडे लिहिले, एकशे दहा आणि तीनशे दहा, आणि चूक माझी असं म्हणाली. मागच्या बाकांवर जरा खसखस पिकली. "म्हणजे ताई नापास!" कोणीतरी म्हणालं. "हो," ती म्हणाली, "साफ नापास." त्यावर सगळेच हसले.

"आता मला एक खरं उत्तर हवं. शिक्षा नाही, वहीत नोंद नाही." शिबिराच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं एका कागदावर सही केली होती: सहा आठवडे पाकिटातलं आणि बाटलीतलं काही खाणार-पिणार नाही. "गेल्या दोन आठवड्यांत घरी जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून कोणी कोणी खाल्लं?"

पहिल्या बाकावरच्या गुबगुबीत मुलानं, ज्याला सगळे भोपळा म्हणत, निर्धारानं हात वर केला. "रोज. दोन पुडे बिस्किटं." त्याच्या मागे एक हात, मग तीन, मग भराभर. "क्रीमवाली." "चिप्स." "ताई, मी फक्त पाव." "फक्त पाव, आणि त्यात काय होतं ते सांग की!" वर्ग हसत होता, हात वाढत होते. ग्रॅमताईनं हात मोजले नाहीत. खाली राहिलेले मोजले. अकरा. त्यातले आठ सरांच्या यादीतले.

दाराशी उभ्या असलेल्या सरांनीही मोजले होते. ते भिंतीला टेकले.

"तू नाही खाल्लंस?" ग्रॅमताईनं टोळला विचारलं.

टोळ उठून उभी राहिली. तिला प्रश्नाचं आश्चर्य वाटलं असावं.

"सही केली होती ना."

त्या दुपारी काटा कोठीत गेला. मावशींनी सात किलोंवर तांदूळ मोजून टाकले आणि कट्ट्यावर उभं राहून हातानं वाढलं. ताटं पुढे सरकली तशी रांग आधी कुजबुजली आणि मग पार गप्प झाली; जेवणाऱ्या चौसष्ट पोरांमध्ये एवढी शांतता मावशींनी एकोणीस वर्षांत ऐकली नव्हती. त्या दिवशी बादलीत साडेतीन किलो उष्टं निघालं. ग्रॅमताईनं ते फळ्यावर लिहिलं.

मोठ्या बाईंना तिनं त्याच संध्याकाळी गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"यादी मी मागे घेते. तो विषय संपला. पण सभेत हे बोलायलाच हवं असं काही नाही. कोणी आजारी पडलेलं नाही, जेवण आता नीट झालंय. उद्या त्याच सभेला समितीची दोन माणसं आहेत, आणि तुमच्या नेमणुकीचा कागद त्यांच्या पिशवीत आहे. हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग?"

"नऊ घरांत चिठ्ठ्या गेल्यात, बाई. मुलं कमी पडली असं त्यांत लिहिलंय. यादी नुसती मागे घेतली तर घरी काय वाटेल? शाळेनं दया केली. मुलं कमी पडलीच नव्हती. नऊपैकी आठ जण दिल्या शब्दाला जागले, म्हणून मागे पडले. हे कोणीतरी त्यांच्या आईवडिलांसमोर म्हणायला हवं."

मोठ्या बाईंनी चष्मा लावला. "पाच मिनिटं देते. पाल्हाळ लावू नका."

तिनं चारच घेतली. मंगळवारी साडेपाचला व्यायामशाळेत खुर्च्या मांडल्या होत्या. पालक कामावरून थेट आलेले, कोणाच्या हातात हेल्मेट, कोणाच्या मांडीवर भाजीची पिशवी. मुलं भिंतीशी सतरंजीवर. ग्रॅमताईनं टेबलावर दोन ताटं ठेवली होती, झाकलेली. आधी तिनं तारखा सांगितल्या, मग आकडे, मग झाकणं काढली. एका ताटात एकशे दहा ग्रॅम भात, दुसऱ्यात तीनशे दहा. "पहिलं ताट मी बारा दिवस तुमच्या मुलांना दिलं. दुसरं द्यायचं होतं. तक्ता माझा, काटा कुठे ठेवायचा हा निर्णय माझा. स्वयंपाकघरातल्या कोणाची यात चूक नाही. उलट त्यांनीच ती मला दाखवली." मग तिनं अकरा जणांबद्दल सांगितलं.

ती बसायच्या आत सर उभे राहिले. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती. ते मैदानावर असल्यासारखे ओरडले. "आणि 'प्रयत्नात कमी' हे शब्द माझे आहेत! ते मी परत घेतो! मला पोरांना विचारता आलं असतं, मी विचारलं नाही!" मग भिंतीकडे वळून, तेवढ्याच मोठ्यानं, "माफ करा रे!" सतरंजीवरची पोरं लाजून एकमेकांना ढोसू लागली.

खुर्च्यांमध्ये आवाज वाढला. एक आजोबा म्हणाले, हा निष्काळजीपणा आहे. एक आई म्हणाली, तरीच माझा येता क्षणी डबे उघडायचा. समितीतल्या दोघांनी माना जवळ आणून काहीतरी बोलून घेतलं. मग चौथ्या रांगेतून एक उंच माणूस उठला. निळा कामाचा शर्ट, खिशाला स्क्रू-ड्रायव्हर. पायांवरूनच कळत होतं कोणाचे वडील ते.

"किती दिवस म्हणालात?"

"बारा."

"बारा दिवसांत मोजणी कोणी तपासली? दुसऱ्या कोणी?"

"नाही. मी एकटीनंच."

"हं." त्यांनी हातातली चिठ्ठी उघडली, पुन्हा मिटली. "आमच्याकडे लिफ्टमध्ये वजनाची पाटी एक जण लावतो आणि दुसरा तपासतो. एकट्याला लावू देत नाहीत, कितीही हुशार असला तरी."

"बरोबर आहे तुमचं," ग्रॅमताई म्हणाली.

"मी हिला आज न्यायला आलो होतो. शनिवारी चिठ्ठी आली तेव्हा हिला बरंच बोललो. म्हटलं, महिनाभर उंडारलीस." ते सतरंजीकडे वळले. "भूक लागत होती तर सांगितलं का नाहीस गं? घरी तरी?"

टोळनं गुडघ्यांना मिठी मारली होती. सगळी खोली आपल्याकडे बघतेय हे तिला कळत होतं.

"मला वाटलं, पप्पा, व्यायाम करणाऱ्यांना अशीच लागत असेल."

वडिलांनी चिठ्ठीची घडी आणखी लहान केली, इतकी की पुढे घडी पडेना.

"यापुढे तक्ता कोण तपासणार?" त्यांनी विचारलं.

ग्रॅमताईनं मागे बघितलं. मावशी दाराशी, ओल्या हातांनी उभ्या होत्या. "त्या," ती म्हणाली. "त्यांची सही झाल्याशिवाय भिंतीवर कागद लागणार नाही."

"मला कुठे विचारलंत?" मावशी दारातूनच म्हणाल्या.

"आता विचारते."

"करीन. पण चष्मा घरी आहे."

त्यावर हशा झाला. लिफ्टवाले वडील हसले नाहीत, पण त्यांचे खांदे खाली आले. "राहू दे मग हिला," ते म्हणाले आणि बसले.

समितीनं त्या दिवशी काहीच सांगितलं नाही. गुरुवारी पत्र आलं. ग्रॅमताईची नेमणूक वर्षाऐवजी सहा महिन्यांची झाली होती. त्यानंतर पुन्हा बघू, असं त्यात होतं. अहवालातले बारा दिवस रद्द म्हणून दाखवायचे होते, म्हणजे शिबिराचा फायदा झाला असं आकड्यांत सिद्ध करता येणार नव्हतं. तिनं पत्र दोनदा वाचलं, फाइलला लावलं आणि मावशींसमोर नवा तक्ता धरला. मावशींनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला. "कच्चे" हा शब्द प्रत्येक ओळीत होता की नाही ते बोट ठेवून पाहिलं. मग सही केली.

शेवटची चाचणी सहाव्या आठवड्याच्या शनिवारी झाली. सकाळी आठलाच ऊन तापलं होतं. सर रेषेच्या एका टोकाला, ग्रॅमताई दुसऱ्या टोकाला फेऱ्यांचा कागद घेऊन. पंचविसाला चिल्लीपिल्ली गळाली. चाळिसाला भोपळा बाद झाला, त्याच्या आयुष्यातला उच्चांक, आणि तो मैदानावर उताणा पडून आभाळाला टाळ्या वाजवायला लागला. शेहेचाळिसाला रेषांमध्ये नऊ जण उरले होते, त्यांत टोळ. ती पळताना सुंदर दिसत नव्हती. कोपरं बाहेर, तोंड उघडं, पाय जणू दुसऱ्या कोणाकडून मागून आणलेले. पण टुंग व्हायच्या आत तिचा बूट रेषेवर असायचा. एकोणपन्नास. पन्नास. एक्कावन्नाव्या फेरीला आवाज आधी झाला आणि ती नंतर पोचली.

ती ग्रॅमताईच्या बाजूच्या रेषेवर ओणवी झाली, हात गुडघ्यांवर. ग्रॅमताईनं पन्नास लिहिलं आणि कागद तिच्यापुढे धरला.

टोळनं मान वर केली. घाम डोळ्यांत जात होता.

"ताई, आज जेवण जरा लवकर नाही का मिळणार? सडकून भूक लागलीय."

"साडेबारालाच," पलीकडच्या टोकावरून सर ओरडले. "तोवर केळं खा! दोन खा!"

टोळ केळ्यांच्या टोपलीकडे निघाली, चालत, मग पळत.